रोझरीनंतरची नावं

वसईतल्या आमच्या घरची आधीची पिढी भाबडी होती, असं कुणी म्हटलं की आम्हा भावंडांना ते लागतं. ‘देवाची मर्जी’ हे शब्द त्या माणसांच्या तोंडी सतत असायचे, हे खरं. पण ते यायचे काम उरकल्यावर. वादळाने केळीची बाग आडवी झाली त्या सकाळी बाबा मिस्साला जाऊन आले, चहा घेतला आणि कोयता उचलून बागेत गेले. पडलेल्या केळी तोडून बाजूला केल्या, विकण्याजोगे घड वेगळे काढले, मग कुदळ घेऊन मुनवे सोडवायला लागले. संध्याकाळी शेजारी विचारपूस करायला आले तेव्हा म्हणाले, “देवाची मर्जी. मुनवे चांगले आहेत.”

रोझरी चुकायची नाही. सोमवारी-गुरुवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, उरलेल्या दिवशी गौरवाची. (प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये घातली, आजीच्या वाट्याला ती आली नाहीत.) दादरच्या बाजारासाठी पहाटे फुलं खुडणाऱ्या बाबांना ‘नमो मरिया’ म्हणताम्हणताच डुलकी लागायची. आजी त्यांना उठवायची नाही. त्यांच्या वाटचं स्वतः म्हणून टाकायची.

आम्हाला खरी ओढ असायची त्यानंतरच्या यादीची. आजी एकेक नाव घ्यायची आणि प्रत्येक नावामागे आम्ही एक नमो मरिया म्हणायचो. आखातात गेलेले मोठे काका. घरातले धाकटे काका. दहावीला बसलेली ताई. शेजारची अडलेली गाय. बांधावरून ज्यांच्याशी कोर्टात तारखा चालू होत्या, ते भाऊबंद. त्यांचंही नाव, रोज. ‘हे दे’, ‘ते होऊ दे’ असं ती कधीच म्हणाली नाही. नाव घ्यायचं, जरा थांबायचं, पुढचं नाव. ताईने एकदा विचारलंच, “आजी, मला पास कर, असं का नाही सांगत?”

“त्याला ठाऊक आहे, बाय. तू अभ्यास कर.”

शेवटी संत गोन्सालो गार्सिया. वसईचा हा मुलगा व्यापार सोडून फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर गेला. आजी सांगायची, “गेला होता धंद्याला, देवाने दुसऱ्याच कामाला लावला.”

तिच्या उमेदीच्या काळात मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, ती मराठीत आली. तोवर अर्धं आयुष्य तिने न कळणाऱ्या शब्दांपुढे गुडघे टेकले होते. देवाचं सगळं आपल्याला कळलंच पाहिजे, हा हट्ट तिच्यात नव्हता, त्याचं मूळ तिथे असावं असं मला वाटतं.

धाकटे काका तापाने गेले तेव्हा मात्र ती पार मिटली. रोझरीला बसायची, मणी हातात, ओठ बंद. फादर आले, तेही काही न समजावता नुसते तिच्याजवळ बसून राहिले. यादी बाबा म्हणू लागले आणि काकांच्या नावाशी अडखळून पुढे जाऊ लागले. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही कबरीवर शेवंती वाहून मेणबत्त्या लावल्या. त्या रात्री आजीने यादी पुन्हा हातात घेतली. काकांचं नाव आलं ते पूर्वीच्याच जागी, मोठ्या काकांच्या आणि ताईच्या मध्ये. मृतांसाठीची वेगळी प्रार्थना तिला पाठ होती, तरी तिने त्यांना जिवंतांच्या ओळीतून उठवलं नाही. विश्वास असला की दुःख होत नाही, असं सांगणारी प्रवचनं आम्ही ऐकली आहेत. ती आम्हाला पटत नाहीत, कारण आजीचे ते बंद ओठ आम्ही पाहिले आहेत.

आता कुणी मीरा रोडला, कुणी टोरांटोला. ऑक्टोबरात, रोझरीच्या महिन्यात, आम्ही फोनवरून एकत्र येतो. बांधाच्या तंट्यातल्या त्या घरची नातवंडंही येतात. यादी लांबली आहे: व्हिसा, बायपास, घराचं कर्ज. परवा धाकट्याने नोकरीसाठी देवाला कंपनी, पगार, शहर असं सगळं सांगायला घेतलं, तेव्हा ताईने त्याला मध्येच तोडलं, “नाव घे आणि पुढे चल.”