‘ओळखीची’ बाई

“वहिनी, तुमच्या बोरीवलीत पोरीला एखादं काम बघा की.” असा फोन तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी कधी ना कधी मुंबईच्या नातेवाइकाला केला असेल. तो फोन घेणारी बाई मी आहे. फोन घेणाऱ्याच्या गळ्यात काय पडतं, आणि पोर पाठवणाऱ्याच्याही, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून लिहिते.

माझं माहेर आणि सासर दोन्ही पाटण तालुक्यातलं. लग्न झाल्यावर बोरीवली पूर्वेला आले. लहान मुलं सांभाळायला बायका मिळवून देण्याचं काम शेजारच्या सूनबाईपासून सुरू झालं. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. कायद्याने 2017 पासून ही रजा 26 आठवडे मिळते, म्हणजे आई कामावर जाते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचं. घरात दुसरं कोणी नाही. मी नालासोपाऱ्याहून येणारी एक बाई तिला गाठून दिली. तिने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. पुढे लोक आपण होऊन पैसे देऊ लागले. मग मीच ठरवलं, घरमालकाकडून अर्धा पगार एकदाच घ्यायचा, बाईकडून काही नाही. दुकान नाही, पाटी नाही. एक वही आणि फोन. याला धंदा म्हणतात हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

ते ध्यानात आलं एका रात्री साडेनऊला. कार्टर रोडच्या बाजूच्या एका इमारतीत मी बाई दिली होती. तिने गरम चहाचा कप टीपॉयवर ठेवला आणि अकरा महिन्यांच्या मुलाने तो ओढला. हात आणि छाती भाजली. बाळ पुढे बरं झालं, पण त्या रात्री त्याचा बाप माझ्या दारात उभा होता. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “तुम्ही म्हणाला होतात, या बाईला दहा वर्षं ओळखते.”

मी तसं म्हणाले होते. खरं सांगायचं तर त्या बाईला मी पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं. दुसऱ्या एका बाईने तिला आणलं होतं. आपल्याकडे सोयरीक जुळवताना नाही का म्हणत, “मुलगा आपल्या पाहण्यातला आहे”? तसंच माझ्या तोंडून सहज गेलं होतं.

रात्रभर झोप नाही. आमच्या घरच्यांचं म्हणणं, हात जोडून मोकळी हो. पण पोलीस आले तर? 1987 च्या कायद्याने बायकांना, उत्पन्न कितीही असो, सरकारकडून वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा फोन नंबर 15100. तिथून मला वकीलबाई मिळाल्या.

त्यांनी पहिला प्रश्न केला, “बाईचा पगार कोणाच्या हातून जातो?” म्हटलं, घरमालक थेट तिला देतो. “काम काय करायचं, कधी यायचं, हे कोण सांगतं?” तेही घरमालकच. “मग मालक ते, तुम्ही नुसती गाठ घालून दिलीत. बाईच्या हातून चूक झाली एवढ्यावरून ती तुमच्या माथी सहसा येत नाही. पगार तुमच्या हातून गेला असता, बदली बाई तुम्ही पाठवत असतात, तर गोष्ट वेगळी.” मला हायसं वाटलं. तोच त्या म्हणाल्या, “पण दहा वर्षांचं काय?”

तिथेच मी अडकले होते. खोटी माहिती देऊन समोरच्याला करारात ओढणं हे 1872 च्या करार कायद्यापासून दोषाचं आहे. शिवाय मी पैसे घेतले होते. फुकट केलेल्या कामाला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा लागत नाही, पण मोबदला घेतला की समोरचा ग्राहक होतो आणि तो ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. मी विचारलं, “आम्ही जबाबदार नाही असं कागदावर लिहून घेतलं असतं तर?” त्या हसल्या. तो कागद खोट्याला झाकत नाही, म्हणाल्या.

त्यांनी खारघरची आठवण करून दिली. 2016 च्या नोव्हेंबरात तिथल्या एका पाळणाघरात आयाने दहा महिन्यांच्या मुलीला मारल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. आयाला अटक झालीच, पण पाळणाघर चालवणाऱ्या बाईलाही झाली. माझं काही पाळणाघर नाही, पण अंगावर काटा आला.

मी त्या घरी गेले, खरं काय ते सांगितलं, घेतलेले पैसे परत केले आणि दवाखान्याच्या बिलातला निम्मा वाटा उचलला. त्यांनी तक्रार केली नाही. मात्र बाईचे वीस दिवसांचे पैसे त्यांनी अडवून धरले होते. बाळ भाजलं त्या घरात बाईच्या पगाराचा विषय काढायचा कसा? पण तीही कुणाची लेक, आणि तिला तिथे मीच नेलं होतं. तीन खेपा घातल्या तेव्हा पैसे मिळाले.

त्यानंतर माझी वही बदलली. बाईला मी कधीपासून ओळखते ते तारखेने लिहिते आणि मालकाला तेच वाचून दाखवते. आधीच्या दोन घरी फोन करायला मालकालाच लावते. पोलीस ठाण्यात नोंद त्यांनीच करायची. बाईचं वय अठरा ते साठच्या मधलं असेल तर 2008 च्या कायद्याने झालेल्या घरेलू कामगार मंडळात तिचं नाव घालायला सांगते. कामाच्या घरी कोणी वावगं वागला तर 2013 च्या कायद्याने घरकामाच्या बाईलाही जिल्ह्याच्या समितीकडे तक्रार करता येते, हे तिला एकटीला बाजूला घेऊन सांगते. या सगळ्यामुळे माझं गिऱ्हाईक निम्म्याने घटलं. लोकांना अजून “दहा वर्षं ओळखते” हेच ऐकायला आवडतं!

गेल्या वर्षी वन्संचा फोन आला. त्या आमच्या ह्यांच्या चुलत बहीण. पोरगी सातवी पास, तेरा वर्षांची. “अंगानं थोराड आहे वहिनी, अठरा लिहा की. बाळाशी खेळायचं तर काम.” मी नाही म्हटलं. चौदाच्या आतल्या मुलाला घरकामाला ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. अठराच्या आतल्या पोराला कामासाठी अडकवून ठेवलं किंवा त्याची कमाई दाबली तर 2015 च्या बाल न्याय कायद्याने पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. वन्संना वाटलं, मी शहरात राहून शहाणी झाले. फोन ठेवला.

चैत्रात जत्रेला गेले तर पोरगी घरात नाही. कोणी एक माणूस गाडीभाडं देऊन वसईकडे घेऊन गेला होता. मी विचारलं, “घर कुणाचं? पत्ता?” वन्सं भाऊजींकडे बघू लागल्या. भाऊजी म्हणाले, त्याचा नंबर आहे. पगार? तो महिन्याच्या महिन्याला तोच पाठवणार होता. अडीच महिने झाले होते, एकदाच आले होते.

तुम्हीच सांगा, म्हैस विकताना आपण गिऱ्हाइकाचं गाव विचारतो ना?

मी देवळाच्या पायरीवर बसून त्या माणसाला फोन लावला. म्हटलं, आठ दिवसांत पोरगी घरी आली नाही तर 1098 ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, तुमचा नंबर देते. खरं तर तेव्हाच द्यायला हवा होता. आठ दिवस थांबले ते नात्याकडे बघून, आणि ते आठ दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. सहाव्या दिवशी त्याने तिला नॅन्सी कॉलनीच्या डेपोत आणून सोडलं आणि मला फोन केला. मी गेले तेव्हा ती पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसली होती. रात्रीच्या एस.टी.ने तिला मीच गावी पोचवलं.

आता ती आठवीला आहे. राहिलेले पैसे त्या माणसाकडून अजून यायचे आहेत, आणि वन्सं अजून माझ्याशी बोलत नाहीत.