आकडा पुन्हा तपासावा लागतो

आमच्या धाकट्या भावाची पत्नी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ अवघे नऊशे ग्रॅमचे. मनमाडहून १०८ च्या गाडीने त्याला नाशिकला हलवले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "रक्तातलं पोटॅशियम वाढलंय. खात्रीसाठी रक्त पुन्हा काढावं लागेल."

आम्ही उखडलो. मुठीएवढ्या जिवाला किती टोचणार? मोर्चे-निवेदनांची सवय असलेले आम्ही थेट सिस्टरांशी भांडायला गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, टाचेतून रक्त पिळून काढताना रक्तपेशी फुटतात. त्यांच्यातलं पोटॅशियम नमुन्यात मिसळतं, मग आकडा खोटाच वाढतो. म्हणून आता शिरेतून घ्यायचं."

आम्ही वरमलो. जमाखर्च जुळला नाही तर नोंद पुन्हा तपासायची, हे आम्हा कारकुनांना का कुणी शिकवायचे!

शिरेतल्या रक्तातही आकडा ७ च्या वर निघाला. डॉक्टरांनी समजावले की पोटॅशियम मुख्यतः पेशींच्या आत असते. फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या पेशींतून ते पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तात उतरते. मूत्रपिंडे अजून कच्ची असल्याने ती ते पुरेसे बाहेर टाकू शकत नाहीत. लघवी होत असतानाही असे घडू शकते. पोटॅशियम फार चढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतात.

बाळाच्या छातीला यंत्र लावले होतेच. सलाइनमधून पोटॅशियम जाणार नाही याची काळजी घेतली. हृदय सांभाळायला कॅल्शियम दिले. पोटॅशियम पुन्हा पेशींत ढकलण्यासाठी ग्लुकोजबरोबर इन्सुलिन सुरू केले. इन्सुलिनने साखर उतरते, म्हणून ती वरचेवर तपासत. पुन्हा टोचणे आलेच, पण आता आम्ही गप्प होतो.

आमच्या आईने कापसाच्या बोळ्याने नारळपाणी पाजायचा हट्ट धरला. तिचा जीव तुटत होता. पण नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते, हे ऐकून तिने शहाळे मुकाट्याने बाजूला ठेवले.

तिसऱ्या दिवशी आकडा उतरला. अडीच महिन्यांनी बाळ मनमाडला आले.

भगिनी-बंधूंनो, दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर घरी थांबू नका. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार व ने-आण मोफत आहे. तो आपला हक्क आहे, तो जरूर मागा. मात्र सुई पाहून भांडायला उठण्याआधी "हे कशासाठी?" एवढे विचारा. आम्ही ते उशिरा शिकलो.