हक्काचा शत्रू

मनुष्याला एखादा तरी हक्काचा शत्रू असावा, असे माझे प्रामाणिक मत आहे. दिवसभर वरिष्ठांपुढे, विद्यार्थ्यांपुढे आणि रिक्षावाल्यांपुढे गिळलेला राग संध्याकाळी ज्याच्यावर बिनदिक्कत काढता येतो आणि जो उलट उत्तर देत नाही, असा शत्रू भाग्यानेच लाभतो. माझा शत्रू बत्तीस इंची असून आमच्या दिवाणखान्यातल्या भिंतीवर टांगलेला आहे. मी त्याला ‘दूरचित्रवाणी संच’ म्हणतो. घरातली बाकीची मंडळी त्याला टीव्ही म्हणतात, आणि मला हेकट म्हणतात.

दिवाणखाना हा शब्दही तसा मोठेपणाचाच. आम्ही दिघ्यात राहतो. एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि कारखाने, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर, आणि मध्ये आमची दोन खोल्यांची जागा. ठाण्याहून वाशीला जाणारी लोकल २००४ साली सुरू झाली. पण ती आमच्या दारावरून न थांबता निघून जाई. कॉलेजातून परतताना मी ऐरोलीला उतरे, रिक्षा करी आणि आठाच्या सुमारास घरी पोचे. १२ जानेवारी २०२४ रोजी दिघा गाव स्थानक सुरू झाले आणि मी सातच्या आत घरी येऊ लागलो. स्थानक झाल्याचा मला मिळालेला पहिला लाभ म्हणजे सात वाजताची मालिका मला सुरुवातीपासून मिळू लागली.

मालिका म्हणजे काय, हे वाचकांना मी सांगायला नको. एक बाई “काय?” असे म्हणते. मग खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा तीनतीनदा दाखवतात, वीज कोसळल्यासारखे संगीत वाजते आणि जाहिराती लागतात. घरातल्या बायका शालू नेसून झोपतात आणि दागिन्यांसह पोळ्या लाटतात. कामावर जाताना कोणी दिसत नाही, तरी वाडा सहा खोल्यांचा. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ अशी चालली. सासूचे चार दिवस जर इतके, तर सुनेने आपल्या चार दिवसांची वाट किती जन्म पाहायची?

पण हे सारे मी सोसले असते. मला सोसवत नाही ती भाषा. वीस वर्षे पोरांच्या उत्तरपत्रिका तपासून माझ्या हाताला एक खोड लागली आहे. चूक दिसली की लाल पेन शोधतो. भिंतीवर पेन चालवता येत नाही म्हणून मी तोंड चालवतो. नायिका म्हणते, “मी बोलली.” मी ओरडतो, “मी म्हणाले!” नायक म्हणतो, “मी तुझी मदत करेन.” मी ताडकन उभा राहतो, “तुला मदत करीन! तुला! करीन!” एका वाक्यात दोन चुका, आणि तेच वाक्य दर आठवड्याला. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणते, “अहो, त्याला ऐकू जात नाही.”

या सगळ्याची मुख्य प्रेक्षक म्हणजे माझी आई. तिचे आणि संचाचे नाते जुने. दूरदर्शनचे मुंबई केंद्र १९७२ च्या ऑक्टोबरात सुरू झाले, तरी आमच्या कळव्याच्या चाळीत संच यायला बरीच वर्षे गेली. तो होता समोरच्या काकूंकडे. त्याला लाकडी दारे होती. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी काकू ती दारे देवघराची उघडावीत तशी उघडत. आम्ही पोरे उंबऱ्यापर्यंत दाटीने बसत असू. आई मात्र रिकाम्या हाताने कधी बसली नाही. तिच्या मांडीवर तांदळाचे ताट असे. मान रामाकडे, बोटे खड्यांकडे. मधूनच एक नजर खाली. एक खडा सुटत नसे. भाग संपला की काकू दारे लावून घेत आणि सगळे आपापल्या कामाला लागत. आताच्या संचांना दारे ठेवलेली नाहीत, ही माझी आणखी एक तक्रार.

गेल्या वर्षी आईचे हे वेड वाढले, असे मला वाटू लागले. पूर्वी ती खिडकीपाशी खुर्चीत बसून पाही. ती खुर्ची हळूहळू पुढे सरकत संचापासून हातभर अंतरावर आली. मी म्हणालो, “आई, आता आतच जाऊन बस.” ती हसली. एकदा म्हणाली, “अरे, या बाईचं तोंड हल्ली धुरकट दिसतं.” मी म्हणालो, “रंगाचे थर आहेत ते.” मला माझाच विनोद इतका आवडला की दुसऱ्या दिवशी मी तो स्टाफरूममध्ये सांगितला.

मग भातात खडे लागू लागले. पहिल्या दिवशी मी गप्प बसलो, तिसऱ्या दिवशी पान बाजूला सारून म्हणालो, “लक्ष सगळं त्या पेटीत. मग भातात खडे येणार नाहीत तर काय?” आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ताट माझ्या मुलीच्या मांडीवर आले.

उलगडा केला तो मुलीनेच. म्हणाली, “बाबा, आजीला खडे दिसतच नाहीत. ती नुसती हात फिरवते.”

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. दोन्हींत मोतीबिंदू, आणि चांगला वाढलेला. “बरेच दिवस धूसर दिसत असणार,” ते म्हणाले, “आजी कधी बोलल्या नाहीत?” मी तोंड उघडले आणि मिटले. आजी बोलल्या होत्या. श्रोता व्याकरण तपासत होता.

परतताना रिक्षात मी तिला विचारले, “आई, नीट सांगायचं नाहीस का?”

“केव्हा सांगू?” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “तू दमून येतोस, आणि आल्यापासून त्या बाईशी भांडत बसतोस. मध्ये कुठे बोलायचं?”

आमच्या घरात संचाशी सर्वांत जास्त बोलणारा माणूस मीच होतो, हे मला त्या रिक्षात कळले. आई दारावरची घंटा वाजली तरी आवाज बंद करते. शेजारीण आली तर पाठ फिरवून तिच्याशी बोलते. मी मात्र संध्याकाळचे दोन तास त्याच्यापुढे उभा राहून ‘तुला मदत करीन’, ‘तुला मदत करीन’ असे ओरडत होतो. विभक्ती बरोबर होती. मदत तेवढी कोणी केली नव्हती.

आधी उजवा डोळा झाला, मग काही आठवड्यांनी डावा. काळा चष्मा उतरला त्या संध्याकाळी आईने आपली खुर्ची स्वतःच्या हाताने खिडकीपर्यंत मागे ओढली. प्रथम बाहेर पाहिले. “डोंगरावर एवढी झाडं आहेत होय?” मग संचाकडे पाहिले. “अगं बाई! रंग फासते म्हणालास ते खोटं नाही हो.” मला जरा बरे वाटले. मग ती माझ्याकडे वळली आणि बराच वेळ पाहत राहिली.

“अरे,” ती म्हणाली, “तुझे केस कधी रे पिकले?”

“मालिका चालू असताना,” मी म्हणालो. या वेळी विनोद मला मुळीच आवडला नाही.

शत्रू अजून भिंतीवरच आहे. ‘तुझी मदत करेन’ परवाच पुन्हा ऐकले. मी तोंड उघडले, तोच आईने बोट वर केले. “राहू दे. काय म्हणायचं आहे ते कळलं मला.” हल्ली मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो, कारण तांदूळ निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. काल जेवताना दाताखाली खडा आला. मी तो मुकाट्याने पानाच्या कडेला ठेवला आणि भात मागून घेतला.