गावभागातले जाते

कृष्णेवरचा आयर्विन पूल 1929 मध्ये रहदारीस खुला झाला. या पुलाजवळ, नदीपासून हाकेच्या अंतरावर सांगलीचा जुना गावभाग वसला आहे. तेथील एका हळद-व्यापाऱ्याच्या घराने अनेक पूर पाहिले. ऑगस्ट 2019 मध्ये मात्र पुलापाशी नदी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांवर गेली आणि माजघरात पुरुषभर पाणी चढले. अखेर मुलांनी ते घर विकून उंचावर, विश्रामबागेत राहावयास जाण्याचे ठरविले.

रिकामे करताना घरातील एकेक वस्तू अंगणात आली. प्रथम आला तांब्याचा बंब. मधल्या नळीत निखारे पडले की त्याचा तो घुमणारा आवाज ऐकूनच मुले अंथरुणातून उठत. मग पितळी प्रायमस. वातीच्या वाटीत थोडे रॉकेल पेटवून बर्नर तापवायचा, पंप मारायचा, भोक तुंबले की पिन घालायची, हे सारे वडील बहिणीचे, अक्काचे काम. धाकट्यांना पंपाला हात लावण्यास मनाई होती. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदीलही निघाला. दिवेलागणीपूर्वीच जेवणे उरकत असल्याने स्वयंपाकघरात त्याची गरज क्वचितच पडे. तो जळे अण्णांच्या खतावणीशेजारी. पाणी गाळण्याचे दुपदरी कापड तेवढे उरले नव्हते. त्यात राहिलेली जिवाणी त्याच आडात परत अलगद सोडण्याचा आईचा नेम सर्वांना आठवला.

भंगारवाल्याने तांब्यापितळेचे वजन केले. कोपऱ्यातल्या जात्याकडे पाहून तो म्हणाला, “दगडाला भाव नाही.” थोरल्या भावाने ते तेथेच ठेवण्यास सांगितले.

गल्लीच्या टोकाला विजेची गिरणी आल्यावरही हे जाते घरात टिकून होते. त्याचे कारण पिठाची मर्यादा. हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांपलीकडचे पीठ घरात चालत नसे. म्हणून थोडेथोडे आणि ताजे दळावे लागे. त्यासाठी एक बाई येत असे. एका वर्षी ती येईनाशी झाली आणि आईने खुंटा स्वतः हाती घेतला. मुलांनी विचारले तेव्हा “मर्यादा नीट पाळायची आहे” एवढेच उत्तर मिळाले. नऊ वर्षांच्या थोरल्याला ते पटले.

आज अंगणात उभी राहून अक्काने उरलेली हकीकत सांगितली.

त्या काळी हरिपूरला जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये हळद साठवीत. तिथल्या मातीत ती वर्षानुवर्षे सुरक्षित राही. परंतु पेवात पाणी शिरले तर सारेच संपे. 2005 च्या पुराने पेवांची जी दैना केली ती सर्वांनी पाहिली. या घराच्या पेवात पाणी त्याच्या कितीतरी आधी, त्या एका वर्षी शिरले होते. माल काळा पडला आणि देणी उभी राहिली. ही गोष्ट पेठेत फुटली असती तर उधारी बंद झाली असती. व्यापाऱ्याचे भांडवल गेले तर ते पुन्हा उभे करता येते, पत गेली की काहीच उरत नाही. म्हणून आई पहाटे दार लावून आणखी दोन घरांचे दळण करी. त्यांतील एका घरासाठी मेतकूट असे. अक्का दाणे वैरीत असे. मोबदल्यात धान्य येई, तेही अंधार असतानाच. अण्णांनी सर्वांची देणी व्याजासह फेडली.

अण्णांच्या सचोटीने दुकान वाचले, असे थोरला भाऊ आपल्या मुलांना पन्नास वर्षे सांगत आला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारले, “अक्का, इतकी वर्षे का नाही सांगितलेस?”

“आईने शपथ घातली होती. आता आईही नाही आणि पेवही नाही.”

त्या मेतकुटाचे प्रमाण अक्काला तोंडपाठ आहे. हरभऱ्याची डाळ एक वाटी, तांदूळ अर्धी वाटी, उडीद डाळ, मूग डाळ व गहू प्रत्येकी पाव वाटी, धने व जिरे एकेक चमचा, मेथीदाणे अर्धा चमचा. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा, तेलाविना, मंद आचेवर खमंग भाजावा. डाळ तांबूस व्हावी, मेथी करपू देऊ नये. पूर्ण गार झाल्यावर बारीक दळून चाळावे आणि त्यात सुंठपूड व हळद अर्धा अर्धा चमचा, लाल तिखट एक चमचा व पाव चमचा हिंग मिसळावे. मीठ जेवताना घालावे. मऊ भात, वर कढत तूप आणि दोन चमचे मेतकूट. इतर घरांत ते दह्यात कालवितात. या घरी द्विदलाचा दोष टाळण्यासाठी ते तुपाशीच खाल्ले जाई.

टेम्पोत सर्वांत आधी जाते चढले. दोन्ही तळ्या थोरल्या भावाने स्वतः पोत्यात गुंडाळल्या. झिजलेल्या दगडाला टाकी लावून घेण्यास पाथरवट शोधावा लागला, तो मिरजेत सापडला. नव्या घरी पहिले दळण अक्काने वैरले आणि खुंटा भावाने धरला. दोन वाट्या दळताना त्याचा हात भरून आला. पानावर भात वाढला तेव्हा सूर्यास्ताला अजून अर्धा तास होता.