वहिनींच्या पाटल्या आणि दोन कॅमेरे

बियाणे, खत आणि फवारणी सोडून मी कॅमेऱ्यावर लिहायला बसलो, याचे काहींना नवल वाटेल. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून बांधाबांधाने फिरलेल्या माणसाला कॅमेऱ्यातले काय कळते, असेही कोणी म्हणेल. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात एक प्रसंग घडला. घरातले सोने जाता जाता राहिले, आणि ते माझ्याच शब्दाने जाणार होते. म्हणून हे लिहिणे.

माझा पुतण्या गावीच असतो. कोरडवाहू पाच एकर, सोयाबीन आणि तूर. तेवढ्यावर भागत नाही म्हणून त्याने लग्नाचे फोटो काढण्याचा जोडधंदा धरला. दोन शेळ्या आणि एका हंगामाचे सोयाबीन विकून त्याने सोनीचा अल्फा सेव्हन थ्री हा कॅमेरा जुना घेतला. आत आरसा नसलेल्या नव्या जातीतला हा कॅमेरा. पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यात लेन्समधून आलेले चित्र आरशावर आपटून डोळ्यापर्यंत यायचे. यात आरसाच नाही. प्रकाश थेट आतल्या सेन्सरवर पडतो आणि आपण लहानशा पडद्यावर चित्र पाहतो.

पलीकडच्या गावातही असाच एक होतकरू मुलगा आहे. त्याच्याकडे निकॉनचा झेड सिक्स. दोन्ही कॅमेरे २०१८ साली बाजारात आले आणि तेव्हापासून एकमेकांचे प्रतिस्पर्धी. बैलांच्या जोडीवरून पैजा लागाव्यात तसे फोटोग्राफर मंडळींत या दोघांवरून वाद होतात.

तर झाले असे, की आमच्याच भावकीतल्या एका लग्नात नवरीकडून माझा पुतण्या आणि नवरदेवाकडून तो दुसरा मुलगा, असे दोघे फोटो काढायला होते. मांडव एक, दिवे एक, माणसेही तीच. महिन्याभराने दोन्ही अल्बम घरोघर फिरले. पुतण्याच्या रात्रीच्या फोटोंत चेहऱ्यावर बारीक रवा सांडल्यासारखे दिसत होते. दुसऱ्याचे फोटो स्वच्छ. लोकांनी लगेच निकाल दिला, "त्याचा कॅमेरा भारी." पुढच्या दोन लग्नांच्या सुपाऱ्या पुतण्याच्या हातून गेल्या.

मी दिवाळीनंतर गावी गेलो तेव्हा घरात हीच चर्चा चालू होती. पुतण्याला आपला कॅमेरा विकून निकॉन घ्यायचा होता. वर साठ हजार लागत होते. वहिनींनी मला दोन्ही अल्बम दाखवले आणि विचारले, "भाऊजी, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा, काय करावं?" मी दोन-चार पाने उलटली आणि म्हणालो, "फरक तर दिसतोय. धंदा करायचा तर कॅमेरा बदलावाच लागेल." वहिनी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि हातातल्या पाटल्या काढून रुमालात बांधून घेऊन आल्या. म्हणाल्या, "उद्या गहाण ठेवून या."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण असाच एक निकाल मी पूर्वी दिला होता.

१९९८ सालच्या रब्बीची गोष्ट. नोकरीत मी नवा होतो. एका शेतावर हरभऱ्याच्या दोन वाणांचे प्रात्यक्षिक घेतले होते, एकीकडे नेहमीचा वाण, दुसरीकडे नवा. नवा वाण डोळ्यांत भरेल असा आला. मी गावाला बोलावून शिवारफेरी केली आणि छाती ठोकून सांगितले, की पुढच्या वर्षी हेच बी पेरा. चौदा जणांनी पेरले. बहुतेकांना पहिल्यापेक्षा काही जास्त मिळाले नाही आणि बियाण्याचा खर्च मात्र दुप्पट झाला. तेव्हा एक म्हातारे शेतकरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, बी वाईट नव्हतं. पण तुमचा तो वाफा विहिरीकडेला होता. त्याला एक पाणी जास्त बसलं होतं." मी मान खाली घातली. वाणाची तुलना करायची तर जमीन, पाणी, खत, पेरणीची तारीख सगळे सारखे हवे, हे परभणीच्या कृषी विद्यापीठात मी परीक्षेत लिहिले होते आणि शेतावर विसरलो होतो.

अंथरुणात पडल्या पडल्या विचार आला, की या अल्बमातही कुठल्यातरी वाफ्याला एक पाणी जास्त बसलेले नसेल ना?

सकाळी पुतण्याला म्हटले, "सराफाकडे नंतर जाऊ. आधी दोघांच्या मूळ फायली दाखव." त्याने त्या मुलाला फोन केला. मुलगा दिलदार. पेन ड्राइव्ह घेऊन स्वतःच आला, कॅमेराही बरोबर आणला. डिजिटल फोटोत एक सोय असते. फोटो कोणत्या लेन्सने, किती उजेडात, कोणत्या मापावर काढला याची नोंद त्याच्या पोटातच राहते, जशी सातबाऱ्यावर पीकपाहणी. स्टेजवरचे नवरा-नवरीचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले आणि नोंदी वाचल्या.

दोन्ही फोटो ७० मिलिमीटरवर काढलेले. शटर दोन्हींत सेकंदाचा १२५ वा भाग. पण लेन्सचे तोंड पुतण्याच्या फोटोत एफ ५.६ आणि दुसऱ्याच्या फोटोत एफ ४. हा आकडा जितका लहान तितके लेन्सचे तोंड जास्त उघडे. ५.६ वरून ४ वर आले की आत येणारा प्रकाश दुप्पट होतो. पुतण्याच्या सोनीबरोबर आलेली लेन्स २८ ते ७० मिलिमीटरची. तिचे तोंड ७० वर ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. निकॉनबरोबरची लेन्स २४ ते ७० ची आणि ती सगळीकडे ४ पर्यंत उघडते. विहीर तीच, पण एका पाटाचे दारे अर्धे उघडे आणि दुसऱ्याचे पूर्ण, असा हा प्रकार.

उजेड अर्धा मिळाला म्हणून पुतण्याच्या कॅमेऱ्याने आयएसओ ६४०० धरला आणि दुसऱ्याने ३२००. आयएसओ म्हणजे काय? भजनी मंडळाचा आवाज बारीक असला की आपण लाउडस्पीकरचे बटण पिळतो. आवाज वाढतो, पण त्याबरोबर खरखरही वाढते. चेहऱ्यावरचा तो रवा म्हणजे ही खरखर. दिवसाच्या उन्हात काढलेले हळदीचे फोटो पाहिले तर दोघांचेही सारखेच स्वच्छ होते.

पुतण्या म्हणाला, "काका, हा तुमचा अंदाज झाला. कॅमेऱ्यात फरक नाहीच कशावरून?" त्याचे बरोबर होते. अंदाजावर मी एकदा फसलो होतो. म्हटले, चला, प्रयोगच करू.

शेतीच्या प्रयोगांची शिस्त ज्यांनी घालून दिली ते रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. प्रयोगांवरचे त्यांचे पुस्तक १९३५ साली निघाले. त्यात चहाचा एक दाखला आहे. एक बाई म्हणते, कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे मी चवीवरून ओळखते. तर तिला आठ कप द्यायचे, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या रीतीचे, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. नुसत्या नशिबाने चारही कप बरोबर निवडले जाण्याची शक्यता ७० त एक.

आम्ही चहाऐवजी फोटो घेतले. दोन्ही कॅमेऱ्यांना ५० मिलिमीटरची लेन्स लावली. निकॉनची त्या मुलाकडे होती, सोनीची लातूरहून एका दिवसाच्या भाड्याने आणली. रात्री ओसरीवर मांडवातलेच दिवे लावले. आईला, वहिनींना आणि शेजारच्या एका पोराला बसवले. कॅमेरा तिवईवर एकाच जागी. दोन्हींचे तोंड एफ २.८, आयएसओ ३२००, शटर सेकंदाचा १०० वा भाग. शंभरावा भाग मुद्दाम घेतला. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर त्याहून फार जलद ठेवले तर फोटोत पट्टे येऊ शकतात. पांढरा कागद समोर धरून दोन्हींचा पांढरा रंगही जुळवून घेतला.

रंगाचेही इथेच सांगतो. कॅमेरा स्वतः तयार करून देतो त्या फोटोत चेहऱ्याचा रंग दोघांचा वेगळा होता. एकाचा जरा पिवळट, एकाचा जरा तांबूस. कोणाचा कोणता हे सांगत नाही, कारण आतली मांडणी बदलली की दोन्ही बदलतात. तयार फोटो म्हणजे शिजवलेला भात, मीठ ज्याच्या त्याच्या हातचे. त्याऐवजी 'रॉ' फाइल घेतली तर तो कच्चा तांदूळ असतो, आपल्या चवीने शिजवावा. आम्ही दोघांचा तांदूळ घेतला आणि एकाच चुलीवर, म्हणजे एकाच संगणकावर, सारखाच शिजवला.

मग लातूरला बारा बाय अठरा इंचांच्या आठ प्रती काढल्या, चार सोनीच्या, चार निकॉनच्या. मागे फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा हे त्या पोराकडून चिठ्ठ्या उचलून ठरवले आणि यादी देवघरातल्या डब्यात ठेवली. मग एकेकाला बोलावून सांगितले, "यातले सोनीचे चार वेगळे काढा."

पुतण्याने अर्धा तास भिंग लावून पाहिले. त्याचे दोन बरोबर आले. निकॉनवाल्या मुलाचे तीन. तो खुश झाला, पण निव्वळ नशिबानेही तीन बरोबर येणे ७० त १६ वेळा घडते. तालुक्याच्या स्टुडिओवाल्यांचे दोन. वहिनींचा एक. चारही कोणालाच काढता आले नाहीत. आणि आमची आई, वय ८४, तिने वेगळे काढायलाच नकार दिला. म्हणाली, "ज्यात माझे डोळे उघडे आहेत ते चांगले. बाकीचे घेऊन जा."

सगळे हसले, पण निकॉनवाला मुलगा गंभीरपणे म्हणाला, "आजी खरं बोलल्या. मी मांडवात पहिल्यांदा म्हाताऱ्या माणसांना दिव्याकडे तोंड करून बसवतो. डोळे मिटले तर पुन्हा काढतो. अल्बम घरातलीच माणसं बघतात ना." पुतण्याने मान डोलावली. एवढी गोष्ट त्याला कुठल्याही दुकानात विकत मिळाली नसती.

कागदावरचा हिशेबही हेच सांगत होता. दोन्हींचा सेन्सर जुन्या रोलच्या चौकटीएवढा, साधारण ३६ बाय २४ मिलिमीटर. सोनीचे चित्र ६००० ठिपके रुंद, निकॉनचे ६०४८. अठरा इंचांच्या प्रतीत इंचाला एकाचे ३३३ ठिपके, दुसऱ्याचे ३३६. हातात धरून पाहणाऱ्याला हे तीन ठिपके कुठून दिसणार? चित्राबाहेरचे फरक मात्र आहेत. सोनीत दोन कार्डे बसतात, झेड सिक्समध्ये एकच. लग्नासारखा पुन्हा न येणारा दिवस दोन कार्डांवर राहिलेला बरा, जसे बियाणे दोन कणग्यांत ठेवावे. उलट निकॉनबरोबरची लेन्स रात्रीच्या मांडवाला जास्त सोयीची. त्यानंतर दोन्ही कंपन्यांची नवी मॉडेले आली, पण त्यांची तुलना करायची रीत हीच.

पुतण्याने कॅमेरा विकला नाही. एफ १.८ पर्यंत तोंड उघडणारी ५० मिलिमीटरची लेन्स त्याने १४ हजारांना जुनी घेतली. सोयाबीनच्या पट्टीतून तेवढे निघाले. माघातल्या लग्नाचे फोटो त्याने मला दाखवले. चेहऱ्यावरचा रवा गेला होता आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायाही दिसत होत्या.

आपल्यापैकी कोणाच्या घरी मुलगा किंवा मुलगी या धंद्यात उतरत असेल, तर एवढे सांगेन. दोन अल्बम पाहून कॅमेरा ठरवू नका. दोन्ही कॅमेरे एकाच जागी, एकाच उजेडात, सारख्या मापावर लावा. फोटोच्या नोंदी वाचा. नावे झाकून घरच्यांना निवडायला सांगा. पैसे आधी लेन्सवर आणि दिव्यावर घाला, कॅमेऱ्यावर नंतर. आणि आमच्यासारखा कोणी शिकलेला माणूस घाईने निकाल देऊ लागला, तर त्याला विचारा, "साहेब, पाणी दोन्ही वाफ्यांना सारखं दिलं होतं का?"

वहिनींनी तो रुमाल दुसऱ्या दिवशी फडताळातून काढला आणि पाटल्या पुन्हा हातात घातल्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, चहा घेता ना?" मी घेतला. त्यात दूध आधी घातले होते की चहा, ते मला ओळखता आले नाही.