मागच्या सीटचं माप

आमच्या बुलेटच्या चेनला किती प्ले, म्हणजे सैलपणा, ठेवलाय, यावरून त्या वर्षी मागच्या सीटवर कोण बसत होतं ते सांगता येतं. बाकीच्या घरांत असले हिशोब लग्नाच्या अल्बममध्ये नाहीतर रेशनकार्डावर सापडतात. आमच्याकडे ते मागच्या एक्सलपाशी सापडतात.

गाडी 1974 सालची, मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातली. मद्रास मोटर्सनं 1955 साली इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डबरोबर भागीदारी करून एनफिल्ड इंडिया काढली, कारण लष्कराला आणि पोलिसांना दणकट गाड्या हव्या होत्या. इंग्लंडमधला रेडिचचा मूळ कारखाना 1967 मध्ये बंद पडला, मद्रासची बुलेट मात्र धकधकत राहिली. देहूरोडपासून तळेगावपर्यंत आमचा सगळा पट्टा लष्करी डेपोंचा. लष्करानं निकालात काढलेल्या गाड्या कुणीतरी लिलावात घ्यायचं, वरून काळा रंग मारायचं आणि विकायचं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यातलीच एक घेतली. टाकीच्या पोटाखाली नखानं खरवडलं की अजून हिरवा रंग दिसतो.

दादांचा धंदा दुधाचा. पहाटे सोमाटण्याहून निघून परंदवडी, बेबडओहोळ करत दूध गोळा करायचं आणि पुण्याच्या लोकलसाठी तळेगाव स्टेशन गाठायचं. गाडीच्या दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. त्या काळी चेनचं माप काढायचं म्हणजे घरात कार्यक्रमच असायचा. गाडी स्टँडवरून उतरवायची, कॅन पाण्यानं भरून अडकवायचे, एक काका हँडल धरून उभा, आणि सीटवर मी. दादा मातीत उकिडवे बसून चेनची खालची बाजू मधोमध बोटानं उचलायचे. “हलू नको रे,” असं ओरडायचे. मी त्या वेळी घरातलं बदली वजन होतो. शाळेतल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मला या कामाचा जास्त अभिमान होता.

चेन भरल्या गाडीवर का मापायची, हे मला पुष्कळ नंतर कळलं. जुन्या काळी मोटारसायकलचं मागचं चाक सांगाड्यात घट्ट बसवलेलं असे. पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर कायमचं ठरलेलं, मग त्यावर कुणीही बसो. 1949 च्या सुमारास बुलेटला मागे हलता चिमटा आणि शॉकअप आले. पाठीला सुख झालं आणि चेनच्या मागे कटकट लागली. चिमटा ज्या खिळीवर वर-खाली होतो, ती गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटच्या जरा मागे असते. त्यामुळे चिमटा हलला की स्प्रॉकेट ते एक्सल हे अंतर बदलतं. स्प्रॉकेट, खीळ आणि एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की अंतर सगळ्यात जास्त आणि चेन सगळ्यात घट्ट. मेन स्टँडवर चाक खाली लोंबतं, चेन सैल दिसते. माणसं बसली, शॉकअप दबले, की एक्सल त्या रेषेकडे सरकतो. रिकाम्या गाडीवर चेन बेताची दिसली म्हणून खूश होणारा माणूस दोघं बसल्यावर गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढ लावून ठेवतो. गाडी गुणगुणायला लागते, स्प्रॉकेटमागून ऑइल पाझरतं. उलट चेन फार सैल सोडली तर खड्ड्यात ती चेनगार्डवर फटके मारते, गिअर टाकताना झटका बसतो, आणि एखाद्या दिवशी उतरली तर मागचं चाक जागच्या जागी जाम. म्हणून सैल चेन घट्ट करायला एक पाना पुरतो, पण किती घट्ट, ते बसणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरत नाही.

बुलेटची रचना या कामाला मोठी सोयीची. एक्सलच्या दोन्ही टोकांना खाचा कातलेल्या लोखंडी चकत्या असतात. चकती मध्यापासून एका बाजूला थोडी थोडी रुंद होत गेलेली. एक्सलचा नट आणि ब्रेक प्लेटचा नट सैल करायचा, चकती एक खाच फिरवायची, की ती चिमट्यावरच्या खुंटीवर रेटून एक्सलला किंचित मागे ढकलते. डावीकडे जितक्या खाचा, उजवीकडेही तितक्याच, म्हणजे चाक सरळ. चिमट्यानं एखादा जुना अपघात पोटात घातला असेल तर मात्र खाचांवर भरवसा नाही. मग सुतळी. पुढचा आणि मागचा टायर दोन्ही सारख्याच जाडीचे, एकोणीस इंची; त्यामुळे मागच्या टायरला लावून पुढे ताणलेली सुतळी पुढच्या टायरलाही नीट टेकली, की काम झालं. शेवटी ब्रेकचा रॉड. चाक मागे सरकलं की रॉड आपोआप ओढला जातो आणि ब्रेक लागल्यासारखा राहतो. हा शेवटचा नट विसरणारे लोक पेट्रोल जास्त का जातंय म्हणून महिनाभर कार्बोरेटर खोलत बसतात.

सोमाटणे फाट्यावरच्या एका मेस्त्रींनी मला एक गोष्ट शिकवली, जी दादांनीही कधी बोलून दाखवली नव्हती. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक हातानं हळूहळू फिरवलं, तर एका जागी चेन सैल लागते, दुसऱ्या जागी घट्ट. “घट्ट असेल तिथं माप धरायचं, सरासरीच्या नादी लागायचं नाही,” मेस्त्री म्हणायचे. सैल जागेवर माप धरलं तर घट्ट जागा येताच तिथली कडी तुटायला बघते. चेन लांबली असं म्हणतात, पण तसं लोखंड लांबत नाही. हान्स रेनॉल्डनं मँचेस्टरला 1880 साली जी बुश-रोलर चेन पेटंट केली, तिचीच ही नात. प्रत्येक कडीत पिन आणि बुश एकमेकांवर घासतात, केसाएवढी जागा होते. बुलेटच्या चेनला नव्वदीच्या घरात कड्या, प्रत्येक पाच अष्टमांश इंचाची. दोन टक्के झीज झाली की सगळी मिळून इंचभर लांबी वाढते. तेवढं झालं की खाचा मोजत बसण्यात अर्थ नाही, चेन बदलायची. बुलेटचं मागचं स्प्रॉकेट वेगळं निघत नाही, दाते ब्रेक ड्रमलाच कातलेले असतात. त्यामुळे जुनी चेन ओढत राहिलं तर शेवटी अख्ख्या ड्रमचे पैसे मोजावे लागतात.

आमच्याकडे पावसाळा हा चेनचा खरा शत्रू. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्याचं उरलंसुरलं आमच्या पवन मावळाला पुरून उरतं. भातलावणीच्या दिवसांत शेतातला चिखल ट्रॅक्टरच्या चाकांना लागून रस्त्यावर येतो आणि तिथून थेट चेनवर. दादा रेशनच्या रॉकेलात चेन बुडवून ठेवायचे, ब्रशनं घासायचे, रात्रभर तारेवर टांगायचे आणि सकाळी नव्वद नंबरचं ऑइल पाजायचे. परत बसवताना जोडकडीच्या लॉकचं बंद टोक चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला. लॉक उलटं बसलंय का, हे दादा अंधारात नुसत्या अंगठ्यानं ओळखायचे.

दुधाचा धंदा बसला तेव्हा कॅन गेले. नंतरची काही वर्षं मागे आई. तळेगावचा बाजार, वडगावची कचेरी, माहेरच्या लग्नकार्याला कामशेत. आई एका बाजूला पाय सोडून बसायची, कॅनच्या मानानं हलकी. दादांनी प्ले कमी केला. मला आकुर्डीत नोकरी लागली आणि गाडी माझ्याकडे आली, तेव्हा मागे कुणीच नव्हतं. चेन पाऊण इंचावर आली, गाडी एकदम तरणी वाटायला लागली. याच काळात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, 2002 मध्ये पूर्ण सुरू झाला, पण दुचाकीला त्यावर मज्जाव. आम्ही जुन्याच रस्त्यानं कामशेत, कार्ला, लोणावळा करत राहिलो.

लग्न झालं आणि बायकोनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “मागून काहीतरी खडखडतंय.” मला इंजिनापुढे काही ऐकू येत नव्हतं. चेनचा आवाज आधी ऐकतो तो मागे बसलेला. ती त्याच्या पायापाशीच फिरते. तेव्हापासून चेन कधी बघायची हे बायको ठरवते, किती ठेवायची ते मी. मुलगी मध्ये बसायला लागली तसा प्ले सव्वा इंचाकडे सरकला. ती कॉलेजला गेली तसा परत आला. दादा थकले, त्यांना डॉक्टरकडे न्यायला लागायचं, तेव्हा मी पुन्हा पाना काढला. ते म्हणाले, “माझ्यासाठी वेगळं माप नको. भाजीची पिशवी बसलीय समज.” तरीही बसण्याआधी त्यांनी वाकून चेनला बोट लावलंच.

आता गाडीनं पन्नाशी ओलांडली. 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. ओळखीच्या बऱ्याच जणांनी आग्रह केला. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. म्हणजे मागच्या सीटवर कायम कुणी नाही, आणि चेन कायमची रिकाम्या गाडीच्या मापाची. मला ते पटलं नाही. मी नेहमीसारखं दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करून घेतो.

खरं तर आता मी बहुतेक वेळा एकटाच असतो, हिशोबानं चेन पाऊण इंचावर हवी. मी ती इंचाच्या वर ठेवतो. सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की कुणीतरी हात करतंच: एसटी चुकलेला कामगार, बाजाराहून आलेली मावशी, दप्तर पाठीला लावलेलं पोर. परवा एक आजोबा तांदळाच्या पोत्यासकट उभे होते. “पाहुणं, बेबडओहोळपर्यंत सोडता का?” म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता पोतं सीटवर ठेवून मोकळे झाले. ते बसले, शॉकअप दबले, आणि चेन पार बेबडओहोळपर्यंत गप राहिली.