राक्षसाचा थोरला भाऊ

नाशिक,
रविवार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॉम्प्युटर-खेळाच्या दुसऱ्या भागाचा आराखडा वाचला. पहिल्या भागात तुझी नायिका तळं अडवून बसलेल्या राक्षसाला मारते आणि गावाला पाणी मिळतं. दुसऱ्या भागात त्याचा थोरला भाऊ सूड घ्यायला येतो. लिहिलंयस झकास. पण खाली तू विचारलंस, ‘मामा, भाऊ पुरेसा मोठा वाटतो, की अजून वाढवू?’ त्याला कितीही वाढवलास तरी पुरायचा नाही, कारण मग तिसऱ्या भागात त्यांचा बाप आणावा लागेल. हे मी हवेतलं बोलत नाही. एका नावाजलेल्या खेळ-मालिकेनं हेच तीन भाग करून पाहिलं आणि चौथ्यात वाट बदलली. तिच्याबद्दल सविस्तर लिहितो, फोनवर एवढं बोलणं व्हायचं नाही.

मालिकेचं नाव ‘अल्टिमा’. रिचर्ड गॅरियट नावाच्या अमेरिकेतल्या मुलानं ती विशीच्या उंबरठ्यावर लिहायला घेतली. जन्म इंग्लंडमधला. मित्रांनी त्याला ‘लॉर्ड ब्रिटिश’ नाव पाडलं, आणि खेळातल्या राजालाही त्यानं तेच नाव दिलं. पहिल्या भागात, १९८१ साली, मॉन्डेन नावाचा दुष्ट जादूगार होता. तो मेला. १९८२ मध्ये त्याची शिष्या आणि प्रेयसी मिनॅक्स सूड घ्यायला आली. तीही मेली. १९८३ मध्ये त्या दोघांचं अपत्य आलं, एक्सोडस: अर्धा राक्षस, अर्धं यंत्र. त्याला हरवायला तलवार चालत नाही, चार पत्ते यंत्रात घालावे लागतात. कल्पना भन्नाट, पण वंशावळ आपल्या दूरदर्शन मालिकांसारखीच. खलनायकाचं खानदान संपेपर्यंत कथा चालणार.

तिसरा भाग गॅरियटनं स्वतःच्या ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीतर्फे काढला, त्यामुळे खेळाडूंची पत्रं पहिल्यांदाच थेट त्याच्या हाती पडली. लोक जग वाचवताना दुकानं लुटत होते, वाटेतल्या गावकऱ्यांना कापून काढत होते, कारण तसं केल्यानं जिंकणं सोपं जात होतं. वर काही जण त्यालाच सैतानाचा हस्तक म्हणत होते. त्याच्या डोक्यात प्रश्न शिरला: हा नायक फक्त समोरचा दुष्ट आहे म्हणून नायक ठरतोय का?

१९८५ चा चौथा भाग, ‘क्वेस्ट ऑफ द अवतार’, या प्रश्नातून आला. त्यात खलनायकच नाही. तिन्ही संकटं सरली आहेत, खेळातलं राज्य ब्रिटानिया एक झालं आहे, आणि राजाला चिंता आहे ती निराळीच: आता लोकांनी जगायचं कशासाठी? त्याला हवा आहे आठ गुणांचा चालताबोलता आदर्श. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, इभ्रत, अध्यात्म, नम्रता. हे आठही अंगी आणेल तो ‘अवतार’. शब्द गॅरियटनं हिंदू परंपरेतूनच घेतला, पण त्याच्या खेळात अवतार आकाशातून उतरत नाही, एकेक गुण कमावत तिथवर चढतो.

आणि कमावायचं कसं, ते बघण्यासारखं आहे. सुरुवातीला एक भविष्य सांगणारी बाई सात पेच टाकते. प्रत्येक पेचात दोन चांगल्या गोष्टींतली एक निवडायची. नम्रता निवडत गेलीस तर तू मेंढपाळ होतेस, म्हणजे सगळ्यांत दुबळं पात्र, आणि तुझी सुरुवात होते गर्वापायी उद्ध्वस्त झालेल्या मॅजिन्शिया गावात. पुढे जडीबुटी विकणारी आंधळी बाई भेटते. ती किंमत सांगते, नाणी किती टाकायची ते तुझ्यावर. कमी टाकलीस तर ती काही बोलत नाही. खेळही बोलत नाही, फक्त मनाशी नोंद ठेवतो. पळणाऱ्या गरीब प्राण्याचा पाठलाग केलास, भिकाऱ्याला नाणं दिलंस, लढाईतून पळ काढलास, सगळं मोजलं जातं आणि आकडा कधीच दाखवला जात नाही. शेवटी अतिखोल विवराच्या तळाशी ‘कोडेक्स’ हा ज्ञानग्रंथ असतो. तिथे मोठी मारामारी नाही, तुला प्रश्न विचारले जातात आणि उत्तरं द्यावी लागतात.

इथे थांबला असता तरी गॅरियटचं नाव राहिलं असतं. पण मला तुला दाखवायचंय ते यानंतरचं.

पाचवा भाग, १९८८. राजा एका मोहिमेवर भूगर्भात गेला आणि परतलाच नाही. (लेखकानं स्वतःचं नाव दिलेलं पात्रच सिंहासनावरून गायब केलं, हे लक्षात घे.) कारभार ब्लॅकथॉर्न नावाच्या सरदाराकडे आला. तो माणूस मुळात वाईट नव्हता, काळ्या छायांच्या कह्यात गेला. आता सांग, कह्यात गेलेला कारभारी काय करेल? तू म्हणशील आठ गुणांवर बंदी घालेल. छे. त्यानं आठही गुणांचे कायदे केले. खोटं बोललास तर जीभ कापू. अर्धी कमाई दानात दिली नाहीस तर कमाईच ठेवणार नाही. वरिष्ठांपुढे नम्र राहिला नाहीस तर भोग फळं. ज्या चौकात मागच्या भागात तू भिकाऱ्याला आपणहून नाणं दिलंस, त्याच राज्यात आता दान म्हणजे करवसुली झाली. आणि तू कोण? तू तर साक्षात अवतार, त्या गुणांची मूर्ती. पण तुझंच नाव घेणारं राज्य तुला गुन्हेगार म्हणून शोधतंय. ब्लॅकथॉर्नच्या वाड्यात सापडलीस तर तो तुझ्याकडे एका गुणाच्या मंदिराचा मंत्र मागतो, आणि तू गप्प राहिलीस तर तुझ्या सोबत्याचा जीव जातो, तो कायमचा.

यातली गोम पकड. पाचव्या भागानं नवा राक्षस बाहेरून आणला नाही. चौथ्या भागाचं उत्तर घेतलं आणि विचारलं, हे उत्तर सत्तेच्या हाती पडलं तर?

सहावा भाग, १९९०, ‘द फॉल्स प्रॉफेट’. सुरुवातीलाच लाल कातडीचे, पंखवाले गार्गॉइल तुला वेदीवर बांधून बळी द्यायला निघालेले असतात. जुने मित्र ऐन वेळी धावून येतात, तू सुटतेस. कळतं की गार्गॉइलांनी आपली मंदिरं बळकावली आहेत, गावंच्या गावं भेदरली आहेत. आपण सरळ तलवार उपसतो. इतक्या वर्षांच्या खेळांनी शिकवलेलं तेच. पण वेदीपाशी त्यांचं एक पुस्तक सापडलेलं असतं. बरीच पायपीट करून ते वाचून घेतलं की पायाखालची जमीन सरकते. त्यात लिहिलंय, एक खोटा प्रेषित येईल आणि आमचा नाश घडवेल. त्या प्रेषिताची एकेक खूण म्हणजे तुझं एकेक पुण्यकृत्य. तू जो कोडेक्स शोधून काढलास, तो त्यांचा पवित्र ग्रंथ होता. तो विवरातून वर नेला गेला आणि त्यानंतरच्या उलथापालथीत त्यांची भूमी ढासळू लागली. ते तुला मारायला आले ते दुष्ट होते म्हणून नव्हे, आपली माणसं वाचवायला.

त्यांचेही गुण आहेत. ते संयम, उत्कटता आणि चिकाटी या तीन तत्त्वांवर उभे आहेत. त्यांच्या राजासमोर तुला शरणागतीचं पदक गळ्यात घालावं लागतं, तेव्हा कुठे तो तुझ्याशी बोलतो. आणि शेवट कसा? एक भिंग माणसांकडचं, एक गार्गॉइलांकडचं. दोन्ही घेऊन कोडेक्स अशा पोकळीत पाठवायचा की तो कुणाच्याच मालकीचा राहणार नाही, पण दोघांनाही वाचता येईल. भुईवर एक थेंब रक्त सांडत नाही. मला विचारशील तर सगळ्या मालिकेतलं हे सगळ्यांत धाडसी पान. यात खेळणाऱ्याला शिवी नाही. त्यानं केलं ते मनापासून चांगलंच केलं होतं. फक्त तळाकडून ते कसं दिसतं, हे त्याला पहिल्यांदा दाखवलं.

सातवा भाग, १९९२. दोनशे वर्षं उलटली आहेत. ट्रिन्सिक गावच्या तबेल्यात एका लोहाराचा आणि एका गार्गॉइलचा निर्घृण खून झालेला असतो, तपास तुझ्याकडे येतो. राज्यात आता जुलूम नाही, सुबत्ता आहे, आणि गावोगाव ‘फेलोशिप’ नावाच्या संस्थेच्या शाखा आहेत. ती गरिबांसाठी आश्रम चालवते, गोड बोलते. बॅटलिन हा तिचा म्होरक्या सांगतो की ते आठ जुने गुण फार अवघड, माणसाला अपयशच देतात. त्यापेक्षा आमची तीन सूत्रं घ्या: एकी ठेवा, बंधूवर विश्वास ठेवा, आणि लायकी आधी, फळ मागून. शेवटचं सूत्र पुन्हा वाच. त्याचा अर्थ असा की तुझ्यावर संकट आलं तर तूच नालायक होतीस. असं बोलणारी मंडळी आपल्याकडच्या हॉटेलांच्या सभागृहांत शनिवार-रविवारी चहाबिस्किटांसकट भेटतात, तुला सांगायला नको. मागे कोण आहे, तो लाल चेहऱ्याचा गार्डियन कोण, हे पुढे कळतं, पण खरी भीती त्या आधीच्या गोडव्याची आहे. पाचव्यात पुण्याची सक्ती झाली होती, सातव्यात पुण्य स्वस्तात विकायला निघालं. गार्गॉइलही आता माणसांच्या जगात राहतात, पण बहुतेक दूर एका बेटावर. सहाव्याचा तह झाला, शेजार झाला नाही, हेही सातवा भाग मुकाट दाखवून देतो.

आता चारही भाग ओळीनं मांड. चांगलं व्हायचं कसं? चांगुलपणा लादला तर? आपला चांगुलपणा दुसऱ्याच्या मुळावर आला तर? चांगुलपणाची नक्कल दुकानात मिळू लागली तर? प्रत्येक प्रश्न आधीच्या भागाच्या शेवटातून निघाला आहे. शत्रूचा आकार वाढवून यातला एकही प्रश्न निघाला नसता.

याला एक अट मात्र आहे: जगाला सगळं आठवलं पाहिजे. ती गावं तीच, ते सोबती तेच, तुझी जुनी करणी दगडासारखी तिथे पडलेली. ही आठवण सुटली की काय होतं तेही याच मालिकेत दिसतं. आठव्या भागात (१९९४) अवतार पेगन नावाच्या परक्या भूमीत टाकला जातो आणि घरी परतायच्या धडपडीत तिथल्यांची घडी विस्कटून टाकतो. बीज चांगलं होतं, खेळ मात्र घाईत बाहेर काढला. नवव्या भागात (१९९९) कळस झाला. इतकी वर्षं त्या देशात काढलेला नायक विचारतो, पॅलाडिन (त्याच देशातला धर्मयोद्धा) म्हणजे काय? जुन्या खेळाडूंनी कपाळावर हात मारला. एका वाक्यानं जवळजवळ वीस वर्षांच्या आठवणी पुसल्या.

तुझ्या कथेकडे वळतो. तुझ्या नायिकेनं तळं मोकळं केलं. बरं. पण राक्षस इतकी वर्षं ते पाणी अडवून काय करत होता? ते कुठे वळत होतं, कुणाच्या शेतात? त्याच्या बाजूला कुणी राहत असेल तर त्यांची विहीर आता कोरडी पडली असेल. आणि गावात पाणी आल्यावर पाळी कोण ठरवतंय? पहिल्या भागात नायिकेला हार घालणारा पाटील आज पाण्याच्या दांडावर बसला असेल का? पाण्यावरून गावात काय काय होतं हे मराठवाड्यातल्या आपल्या माणसांना विचार, त्यांनी टँकरच्या रांगा पाहिल्यात. तुला राक्षसाच्या भावाची गरज पडणार नाही. आलाच, तर तो कदाचित तक्रार घेऊन येईल.

तू म्हणशील, खेळणाऱ्याला असं तोंडघशी पाडलं तर तो चिडेल. चिडेल, जर तू त्याला नुसतंच ‘बघ, तूच दोषी’ असं सांगून सोडलंस तर. हल्ली बरेच खेळ तेवढ्यावरच थांबतात आणि स्वतःला गंभीर समजतात. सहाव्या भागानं दोष दाखवला आणि लगेच हातात काम दिलं: ही दोन भिंगं, हा ग्रंथ, जा आणि नीट कर. म्हणून आराखडा पुन्हा लिहिताना शेवटापासून सुरू कर. शेवटच्या प्रसंगात नायिकेच्या हातात काय आहे, ते आधी ठरव. तलवार सोडून काहीही चालेल. ते ठरलं की मला एवढंच पाठव, बाकीची तीस पानं मागाहून.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
श्रीकांतमामा

ता. क. खेळायला घेशील तर चौथ्यापासून घे, पहिले तीन नाही पाहिलेस तरी अडत नाही. शेजारी वही ठेव. कोण कुठल्या गावात काय बोललं, कुठला मंत्र कुठल्या मंदिराचा, हे तुझं तुलाच टिपून ठेवावं लागतं. नकाशावर बाण दाखवणारं त्यात काही नाही.